किल्ली सापडली की समजली?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले होते, की ‘फाइंड’ आणि ‘फाइंड आउट’ सख्खी भावंडं असली तरी एका ताटात जेवत नाहीत. त्या एका वाक्यावर सतरा पत्रं आली. तीन पोस्टकार्डं, बाकीची व्हॉट्सॲपवर. ‘द’ कुठे लावायचा या सनातन प्रश्नावरही एका महिन्यात इतकी आली नव्हती. तेव्हा या वेळचं सगळं सदर कळण्या-सापडण्यालाच देते. मी एकतीस वर्षं देवगड तालुक्यात इंग्रजी शिकवलं. उदाहरणं तिकडचीच सुचतात, तेवढं चालवून घ्या.

बाई, मुलाखतीच्या सरावात मी ‘आय फाउंड आउट माय कीज अंडर द सोफा’ म्हणाले. सर हसले, पण चूक काय ते सांगितलं नाही. मराठीत आपण किल्ली ‘शोधून काढतो’. मग ‘आउट’ लावलं तर बिघडलं कुठे? (बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी विद्यार्थिनी, बार्शी)

हसायचं तर कारणही सांगावं, एवढं तुझ्या सरांना कळायला हवं होतं. असो. तुझा ‘आउट’ कुठून आला ते तूच सांगितलंस. ‘शोधून काढली’ मधल्या ‘काढली’तून. मराठीतलं हे ‘काढणं’ वस्तूलाही चालतं आणि माहितीलाही. किल्ली शोधून काढ, पत्ता शोधून काढ, चोर शोधून काढ. इंग्रजीत ‘फाइंड आउट’च्या पुढे वस्तू येत नाही, माहिती येते. किल्ली ‘फाइंड’ करायची. ती सोफ्याखाली कुणी सरकवली, हे ‘फाइंड आउट’ करायचं.

परीक्षेच्या घाईत नियम आठवत नाही, म्हणून एक युक्ती सांगते. इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मराठीत ‘सापडलं’ आणि ‘कळलं’ हे दोन्ही शब्द लावून बघ. किल्ली सापडते, किल्ली कळत नाही. मग ‘फाइंड’. बस किती वाजता सुटते ते कळतं, ते सापडत नाही. मग ‘फाइंड आउट’. शंभरातल्या नव्वद वेळा एवढ्यावर भागतं.

उरलेल्या दहांत एक गंमत आहे. ‘फाइंड आउट’च्या मध्ये माणूस घातला, की अर्थ फिरतो. त्या माणसाची लबाडी उघडकीला आली, असा होतो. आमच्या शाळेत नववीतल्या एका मुलाने रजेच्या अर्जात लिहिलं होतं, ‘माय अंकल फाउंड मी आउट ॲट कुडाळ स्टेशन.’ त्याला म्हणायचं होतं, की मी वाट चुकलो होतो आणि काकांना कुडाळ स्टेशनवर सापडलो. चौकशी केली तेव्हा समजलं, की स्वारी घरात न सांगता सिनेमाला निघाली होती आणि काकांनी फलाटावरूनच कान धरून परत आणली होती. त्याचं इंग्रजी त्याच्यापेक्षा प्रामाणिक निघालं. मी अर्ज मंजूर केला, वाक्यालाही बरोबरची खूण केली.

आमचे परदेशातले वरिष्ठ माझ्या ईमेलमधलं ‘आय केम टू नो’ दर वेळी खोडतात. व्याकरणात तर ते चुकीचं नाही. मग राग कशाचा? (संगणक अभियंता, पुणे)

चुकीचं नाहीच. पण आपण ते मिठासारखं प्रत्येक भाजीत टाकतो. याचं मूळ मराठी वाक्याच्या घडणीत आहे. आपल्याकडे जाणणारा माणूस वाक्याचा कर्ता नसतो. मला कळलं, मला समजलं, मला आठवलं, मला उमगलं, मला सापडलं. बातमी पाहुण्यासारखी दारात येते आणि आपण नुसतं ‘या’ म्हणतो. इंग्रजीत ‘आय’ला पुढे व्हावंच लागतं. मग आपला तो आपोआपपणा इंग्रजीत आणायला आपण ‘केम टू नो’ला हाताशी धरतो. त्यात ‘येणं’ आहे ना!

इंग्रजीला मात्र तुम्हाला कळलं कसं ते हवं असतं. कुणी सांगितलं असेल तर ‘आय हर्ड’. रीतसर बातमी किंवा पत्र आलं असेल, तर ‘आय लर्न्ड’. इथे शिकण्याचा काही संबंध नाही. तुम्ही विचारपूस केली किंवा कुणी दडवलेलं बाहेर आलं, तर ‘आय फाउंड आउट’. आणि कुणी सरळ सांगितलं नाही, पण बोलण्यावरून ताडलं, तर ‘आय गॅदर’. हा शेवटचा शब्द मला फार आवडतो. इकडचं तिकडचं वेचून अंदाज बांधला, एवढंच तो म्हणतो आणि पळवाटही ठेवतो. राजीनाम्याची कुणकुण लागली असेल तर ‘आय गॅदर यू आर लीव्हिंग’ लिहा. खोटं ठरलं तरी अंगाशी येत नाही.

एका ठिकाणी मात्र जपा. ‘मला सोमवारी चूक कळली’ याचं ‘आय न्यू अबाउट द एरर ऑन मंडे’ करू नका. ‘नो’ ही स्थिती आहे, घटना नाही. त्या वाक्याचा अर्थ, सोमवारी मला चूक ठाऊक होती आणि मी गप्प बसलो होतो. नोकरीत हा फरक महागात पडतो. ‘फाउंड आउट’ लिहा.

मॅडम, आठवीच्या मुलांनी विचारलं, अमेरिकेचा ‘शोध लावला’ आणि टेलिफोनचा ‘शोध लावला’, मराठीत एकच. मग इंग्रजीत ‘डिस्कव्हर’ आणि ‘इन्व्हेंट’ वेगळे का? मी ‘आधीपासून असलेलं ते डिस्कव्हर, नवं केलेलं ते इन्व्हेंट’ असं सांगितलं. बरोबर ना? (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, परभणी)

बरोबर सांगितलंत. मुलांना एवढं पुरे. तुम्ही मात्र थोडं पुढे या.

आपला ‘शोध’ हा शब्द मोठा घोळ घालतो. ‘शोध घेणे’ म्हणजे वस्तू अजून सापडलेली नाही. ‘शोध लागणे’ म्हणजे सापडली. ‘शोध लावणे’ म्हणजे सापडवली तरी किंवा घडवली तरी. शोधणं, सापडणं आणि घडवणं ही तिन्ही कामं एका शब्दाच्या डोक्यावर. पण आपणच तेवढे गबाळे, असं समजू नका. इंग्रजी ‘इन्व्हेंट’चं मूळ लॅटिन ‘इन्व्हेनिरे’, म्हणजे समोर येऊन ठेपणं, सापडणं. ख्रिस्ताचा क्रूस सापडल्याचा सण ३ मे रोजी असे, त्याला इंग्रजीत ‘इन्व्हेन्शन ऑफ द क्रॉस’ म्हणत. क्रूस कुणी बनवला असा त्याचा अर्थ नाही. तुमच्या शाळेतली जडसंग्रह नोंदवही इंग्रजीत ‘इन्व्हेंटरी’ होते, तीही याच घराण्यातली: मोजायला गेलो तेव्हा जे जे सापडलं त्याची यादी. म्हणजे एके काळी त्यांचाही ‘शोध’ एकच होता, वाटण्या मागाहून झाल्या.

आज त्या वाटण्या इतक्या पक्क्या आहेत, की कायदासुद्धा त्यांच्यावर उभा आहे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात कशाकशाला ‘इन्व्हेन्शन’ म्हणायचं नाही, ते सांगितलं आहे. एखाद्या वैज्ञानिक तत्त्वाची नुसती ‘डिस्कव्हरी’ त्यात येते. सफरचंद पडतं हे कळल्याबद्दल मक्ता मिळणार नाही, ते झेलायचं यंत्र करा.

‘डिस्कव्हर’ म्हणजे शब्दशः आच्छादन काढणं, आपलं ‘उघडकीला आणणं’. त्यात एक अट लपलेली असते: झाकण काढलं तेव्हा खाली काय आहे, हे काढणाऱ्याला उमगलं पाहिजे. गॅलिलिओने १६१२ च्या डिसेंबरात दुर्बिणीतून नेपच्यून पाहिला, वहीत टिपलाही, पण तारा म्हणून. म्हणून नेपच्यून ‘डिस्कव्हर’ केल्याचा मान त्याला नाही. तो २३ सप्टेंबर १८४६ चा, बर्लिनच्या वेधशाळेतल्या गालेचा आणि ग्रह कुठे असेल ते आकडेमोडीने आधीच सांगणाऱ्या ल व्हेरिएचा. गॅलिलिओने ‘ऑब्झर्व्ह’ केला, एवढंच म्हणायचं.

आणि आता उलट बाजू. अजिंठ्याची लेणी २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ‘डिस्कव्हर’ केली, असं इंग्रजी पुस्तकं म्हणतात. साहेब वाघाच्या शिकारीला आले होते. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यांनी आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती आजही आहे. (आपण आज गडावर नावं कोरणाऱ्यांना शिव्या घालतो, तेव्हा हेही आठवावं.) पण आसपासच्या गावांना लेणी ठाऊकच होती. त्यांच्या दृष्टीने कसलं झाकण निघालं? इथे मी ‘केम अक्रॉस’ लिहीन. वाटेत आडवी आली, एवढंच. मुलांना ‘डिस्कव्हर्ड’ शिकवाच, परीक्षेत ते लागतं. पण ‘कुणासाठी डिस्कव्हर्ड?’ हा प्रश्न वर्गात एकदा विचारून बघा. आठवीतली पोरं या प्रश्नावर तासभर भांडतात, माझा अनुभव आहे.

बाई, मी विजयदुर्गाक गाइडचा काम करतंय. ‘हीलियम वॉज डिस्कव्हर्ड हिअर’ असा मी पर्यटकांका सांगतंय. एका परदेशी पाहुण्याने मान हलवून ‘नॉट डिस्कव्हर्ड’ म्हटल्यान. मग काय, ‘डिटेक्टेड’ म्हणू? (तरुण वाचक, गिर्ये)

अरे, तुझं पत्र वाचून मी जुनी पुस्तकं काढली. शब्द बदलून भागणार नाही. आधी तारखा लावू, शब्द आपोआप जागेवर येतील.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं. सावलीचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा गेला. फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन गुंटूरला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश फोडून सुट्या केलेल्या रंगांच्या पट्ट्यात, त्या दिवशी एक पिवळी रेषा दिसली आणि ती अनेकांना दिसली. बहुतेकांना ती सोडियमची वाटली. इथे क्रियापद ‘सॉ’ किंवा ‘ऑब्झर्व्ह्ड’.

विजयदुर्गाच्या गोष्टीतले साहेब, इंग्रज खगोलज्ञ नॉर्मन लॉकियर, त्या दिवशी भारतात नव्हते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडात बसून, ग्रहण नसताना, त्यांनी तीच रेषा पकडली आणि ती सोडियमच्या जागेवर बसत नाही हे दाखवलं. पृथ्वीवर माहीत नसलेलं मूलद्रव्य सूर्यावर आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हीलियम’ हे नाव पडलं. इथे तुझं ‘डिटेक्टेड’ चपखल बसतं. वस्तू हातात नाही, तिची खूण मात्र सापडली. मग १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅम्झी यांनी युरेनियमच्या एका खनिजातून हा वायू बाहेर काढला. ते ‘आयसोलेटेड’, वेगळा केला. ‘डिस्कव्हर्ड’ची माळ कुणाच्या गळ्यात घालायची यावर मतं असतील. बहुतेक पुस्तकं जान्सेन आणि लॉकियर यांच्या गळ्यात घालतात.

विजयदुर्गाचं काय? लॉकियर तिथे आले होते, अगदी खरं. पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे हीलियम प्रयोगशाळेतल्या नळीत येऊन तीन वर्षं झाल्यावर. किल्ल्यावर तू जे ‘साहेबाचे ओटे’ दाखवतोस, ते माझ्या मते याच मोहिमेचे. तेव्हा पाहुण्यांना असं सांग: ज्यांनी सूर्यावरचा हीलियम ओळखला, ते लॉकियर तीस वर्षांनी या किल्ल्यावर सूर्य बघायला आले आणि इथे उभे राहिले. इंग्रजीत ‘द मॅन हू डिटेक्टेड हीलियम इन द सन केम हिअर टू ऑब्झर्व्ह द एक्लिप्स.’ ही गोष्ट खोटीपेक्षा कमी देखणी आहे का? मला तर जास्त वाटते. शिवाय पुढचा पाहुणा मान हलवणार नाही.

रक्ताच्या तपासणीच्या कागदावर ‘नॉट डिटेक्टेड’ लिहून आलं. लॅबमधला मुलगा म्हणाला, ‘निगेटिव्हच समजा.’ ‘समजा’ म्हणजे काय? आहे की नाही? (गृहिणी, हिंगोली)

तब्येतीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, शब्दाचं मी सांगते.

‘डिटेक्ट’ आणि ‘डिस्कव्हर’ मुळात जुळे. लॅटिनमध्ये ‘टेगेरे’ म्हणजे झाकणं, त्यावरून ‘डिटेक्ट’ म्हणजेही झाकण काढणंच. पण आज त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. डिस्कव्हर म्हणजे पातेल्यावरचं झाकण काढून बघणं. डिटेक्ट म्हणजे झाकण तसंच ठेवून, नुसत्या वासावरून आत काय शिजतंय ते ओळखणं. म्हणून ‘डिटेक्ट’च्या मागे नेहमी एखादं नाक असतं: माणसाचं, कुत्र्याचं किंवा यंत्राचं. आणि प्रत्येक नाकाला मर्यादा असते. अमुक एका प्रमाणापेक्षा कमी असेल तर तपासणीला ते पकडता येत नाही. ‘नॉट डिटेक्टेड’ हे तुमच्या रक्ताबद्दलचं वाक्य जितकं आहे, तितकंच त्या नाकाबद्दलचं आहे. ‘आमच्या तपासणीला आढळलं नाही.’ कागद लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे तेवढंच म्हटलं. ‘नाही’ असं तो म्हणालेला नाही. आपलं ‘आढळलं नाही’ हे भाषांतर पक्कं आहे, ‘नाही’ हे भाषांतर सैल.

तुमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्याचा प्रकल्प आहे. तिथे जे बसवायचं, त्यालाही डिटेक्टरच म्हणतात. आइनस्टाइनने गुरुत्वीय लहरी १९१६ मध्ये कागदावर मांडल्या. त्या यंत्राला पहिल्यांदा जाणवल्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेत. मधली नव्व्याण्णव वर्षं त्या लहरी ‘नॉट डिटेक्टेड’ होत्या. नव्हत्या असं नाही. (हे वाचून घाबरू नका. रक्ताचं वेगळं आणि लहरींचं वेगळं.)

वरून आलेल्या पत्रांत ‘असर्टेन’, ‘व्हेरिफाय’, ‘स्क्रुटिनाइज’, ‘डिटर्माइन’ हे शब्द आलटून पालटून येतात. आम्ही सगळ्यांना ‘तपासून अहवाल सादर करावा’ म्हणतो. चालतं का? (अव्वल कारकून, तहसील कार्यालय)

चालतं, म्हणून तर पत्र तीनदा परत येतं.

सातबाऱ्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळतं का, हे दोन कागद शेजारी ठेवून बघणं म्हणजे ‘व्हेरिफाय’. आपली ‘पडताळणी’. त्यासाठी खुर्चीवरून उठावं लागत नाही. पण जमीन प्रत्यक्षात कसतो कोण, हे कुठल्याच कागदावर धड नसतं. बांधावर जा, शेजाऱ्यांना विचारा, स्वतःची खात्री करून घ्या. ते ‘असर्टेन’. त्या शब्दाच्या पोटात ‘सर्टन’ आहे, नक्की. आपला ‘खातरजमा’ त्याचा नेमका जोडीदार. फारसीतून आलेल्या या शब्दात ‘खातर’ म्हणजे मन. मन जमा झालं, विखुरलेलं एका जागी आलं, म्हणजे खातरजमा. अहवाल लिहिताना मन अजून विखुरलेलं असेल, तर ‘असर्टेन्ड’ लिहू नये.

‘स्क्रुटिनी’ म्हणजे छाननी. निवडणूक अर्जांची होते ती. लॅटिनमध्ये ‘स्क्रुटा’ म्हणजे चिंध्या, भंगार. चिंध्यांच्या ढिगात हात घालून उचकणं, त्यावरून तो शब्द आला. आपण मात्र छानतो, वस्त्रगाळ करतो. इंग्रजी छाननीत काय मिळतं याकडे लक्ष आहे, आपल्या छाननीत काय गाळलं जातं याकडे. उमेदवारांना आपला शब्द जास्त खरा वाटत असावा.

‘डिटर्माइन’मध्ये शोधण्यापेक्षा ठरवण्याचा भाग मोठा. मोजणी करून हद्द ‘निश्चित’ करणं. ज्याला तो अधिकार आहे त्यानेच करायचं. तुमच्याकडे नसेल, तर त्या रकान्यात शिरू नका.

मराठी बातम्यांत ‘पोलिसांच्या हाती धागेदोरे लागले’ असतं. हे ‘क्लू’चं भाषांतर आहे का? (निवृत्त वाचक, नाशिक)

कुणी कुणाकडून घेतलं यात मी पडत नाही, पण योगायोग सुरेख आहे. ‘क्लू’चं जुनं रूप ‘क्ल्यू’, म्हणजे सुताचा गुंडा. ग्रीक कथेतला थीसियस भूलभुलैयात शिरला तो गुंडा उलगडत आणि त्याच दोऱ्याने परत बाहेर आला. म्हणजे ‘क्लू’ आधी धागादोराच होता. ‘इन्व्हेस्टिगेट’मध्ये लॅटिन ‘वेस्टिगियम’ आहे, पाऊलखूण. म्हणजे माग काढणं. गुप्तहेराला ‘स्ल्यूथ’ म्हणतात, तो शब्दही माग काढणाऱ्या कुत्र्याच्या नावावरून आला. चोराच्या मागे जाताना सगळ्या भाषांची नजर आधी जमिनीकडेच जाते.

न्यू जर्सीत नातवाला काही विचारलं, की तो ‘आय विल फिगर इट आउट’ म्हणतो. ‘फाइंड आउट’ का नाही म्हणत? (एक आजी)

कारण त्याला कुणाला विचारायचं नसतं! फोन करून जे कळतं ते ‘फाइंड आउट’. डोकं खाजवून जे सुटतं ते ‘फिगर आउट’. त्यात ‘फिगर’ म्हणजे आकडा, गणित सोडवण्याचा भाव. ब्रिटनमध्ये बहुधा ‘वर्क आउट’ म्हणतील. तुमचा नातू सभ्यपणे सांगतोय, ‘आजी, माझं मी बघतो.’

‘लक्षात आलं’ म्हणजे ‘नोटिस्ड’ की ‘रिअलाइज्ड’? (विद्यार्थी, लातूर)

डोळ्यांच्या लक्षात आलं तर पहिला, डोक्याच्या लक्षात आलं तर दुसरा. हातातली छत्री ओली आहे, ‘आय नोटिस्ड’. म्हणजे ही माझी नव्हे, मी तर पावसाआधी आले होते, ‘आय रिअलाइज्ड’.

‘बाईनू, वळाखलास? मागच्या बाकावर बसा तो. माझ्या बोटीवरच्या फिश फाइंडरात पाण्याची खोली फॅदममध्ये दाखवता. फॅदम म्हणजे आपलो वावच मां?’ (माजी विद्यार्थी, देवगड)

ओळखलं रे. वावच. दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत, तो वाव. फॅदमही अगदी तेच, त्या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थच पसरलेले हात, कवेत घेणं. सहा फूट धरतात. दोरी पाण्यात सोडायची, वर ओढताना हातांनी मोजायची. तुझा आजा तेच करायचा आणि इंग्रजांचे खलाशीही तेच करत. मग खोली मोजणारा तो शब्द मनाची खोली मोजायला लागला. ‘आय कान्ट फॅदम हिम’ म्हणजे त्याचा थांग लागत नाही. आपल्याकडेही थांग आणि ठाव पाण्यातूनच माणसांत आले.

पण तुझ्या यंत्राचं नाव मला खटकतं. तो आवाज खाली पाठवतो, प्रतिध्वनी परत येतो, त्यावरून खाली काहीतरी आहे असं पडद्यावर दाखवतो. हा झाला ‘डिटेक्टर’. ‘फाइंड’ तर जाळं वर आल्यावर. हे मी त्याला व्हॉट्सॲपवर कळवलं. त्याचं उत्तर रात्री साडेदहाला आलं, तसंच्या तसं देते:

‘बाईनू, तर मगे कंपनीन नाव चुकीचा दिल्यान. काल तीन तास मशीन मासे दाखवी होता. जाळ्यात एक बांगडो गावलो नाय.’

‘गावलो’! बार्शीच्या मुली, हा शब्द तुझ्यासाठी. मालवणीत किल्ली गावते, मासो गावतो, चोरही गावतो. कुडाळ स्टेशनवरचा तो पोरगाही काकांना गावलोच होता.